जोंगाचं वायरिंग

मराठी माणूस भेडाघाटला जातो तो नर्मदेसाठी. परिक्रमावासी जातात, जबलपूरच्या नातेवाइकांकडे आलेले पाहुणे जातात. धुवांधारचे तुषार अंगावर घेतात, चौसष्ट योगिनींच्या देवळाच्या पायऱ्या चढतात, पावसाळा संपून होड्या सुरू झाल्या असतील तर संगमरवरी कड्यांमधून फिरून येतात. मी या खेपेला गेले ती एक गाडी बघायला. जबलपूरहून भेडाघाटकडे येताना, दगडी मूर्ती आणि दिवे घडवणाऱ्या कारागिरांची दुकानं लागतात त्याच्या थोडं अलीकडे, माझ्या आतेभावानं एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली आहे. तिथं त्याची जोंगा उभी आहे. इंजिन उघडून, दुरुस्त करून परत जागेवर बसवलेलं, चेसिस घासून रंगवलेली, टायर नवे. गाडीत जुनी तार मात्र एकही नव्हती. होत्या त्या सगळ्या त्यानं उपसून एका पोत्यात भरून ठेवल्या होत्या.

आतेभाऊ बँकेत नोकरीला आहे. इंजिनीअर नाही, आयटीआयचाही नाही. वायरिंग तो स्वतः शिकला आणि शिकतो आहे. गाड्या बांधणारी हौशी मंडळी पुण्या-नाशकातही मी पाहिली आहेत. ती इंजिन उघडतात, पत्र्याचं काम करतात, वेल्डिंग शिकतात, पण वायरिंग आलं की गाडी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेऊन सोडतात. पत्रा वाकडा बसला तर डोळ्यांना दिसतो, तारेतली चूक दिसत नाही, हे त्यामागचं कारण. मला मात्र वाटतं की स्वतःची गाडी बांधणाऱ्यानं दुसऱ्यावर सोपवू नये असं काम असेल तर ते हेच. जबलपूरच्या त्या शेडमध्ये हे मत आणखी पक्कं झालं.

जोंगा जबलपूरची लेक. शहरात तोफांचे गाडे बनवणारी गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून आहे. १९६९ मध्ये व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली आणि लष्कराच्या गाड्या तिथं बनू लागल्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या आराखड्यावरचा शक्तिमान ट्रक आणि जपानच्या निसान पेट्रोलवरून घेतलेली ही जीपसारखी दणकट गाडी. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, या नावाची आद्याक्षरं जोडली की जोंगा. जवळपास चार लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. १९९९ पर्यंत ती बनत राहिली. लष्करानं काढून टाकलेल्या जोंगा लिलावात निघाल्या, पंजाबपासून ईशान्येपर्यंत पसरल्या. महेंद्रसिंग धोनीनं २०१९ मध्ये एक घेतली, तेव्हा तरुण पोरांनाही हे नाव नव्यानं कळलं. व्हेइकल फॅक्टरी आजही आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हापासून तो आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये मोडतो.

जबलपुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९५६ पर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच प्रांतात होतं, राजधानी नागपूर. रेल्वे, कचेऱ्या, शाळा आणि संरक्षण कारखाने यांमुळे माणसं आली आणि राहिली. माझी आत्या त्यातलीच. आतेभावाच्या शेजारी एक काका राहतात, व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मूळचे नागपूरकडचे. त्यांची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली. हा मुलगा जुन्या तारा ओढून काढतोय हे त्यांनी गच्चीवरून पाहिलं आणि एक दिवस शेडमध्ये येऊन एवढंच म्हणाले, "बेटा, आधी कागद. तार नंतर."

कागद म्हणजे नकाशा. बॅटरीपासून निघून करंट कुठून कुठं जाणार, वाटेत कुठला फ्यूज, कुठलं बटण, कुठला रिले आणि शेवटी परत बॅटरीकडे कसा येणार, हे सगळं रेघांनी काढायचं. आतेभावानं शाळेच्या चौकटीच्या वहीत सुरुवात केली. हेडलाइटचं एक पान, सेल्फचं, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीचं, एक पान, इंडिकेटरचं एक पान. एका पानावर एकच काम. पहिल्यांदा सगळी गाडी एकाच मोठ्या कागदावर काढण्याचा त्याचा बेत होता, काकांनी तो हाणून पाडला. गाडीचं वायरिंग समोर एकगठ्ठा दिसतं म्हणून माणूस घाबरतो. सुटं केलं की प्रत्येक परिपथ दोन-तीन रेघांचा उरतो, आणि दोन-तीन रेघा कोणालाही समजतात. शिकण्याची खरी पायरी हीच, असं आता तोही म्हणतो.

घरातलं वायरिंग थोडंफार जमणाऱ्या माणसाला गाडी सोपी वाटते. १२ व्होल्ट म्हणजे झटका बसत नाही, मग भीती कसली? इथं आकडेमोड करून बघावी. घरातला ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर करंट घेतो. गाडीच्या हेडलाइटमधला ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. वॉट तेच, करंट एकोणीसपट. तार तापते ती करंटनं. दोन हेडलाइट लागले की १० अँपिअर आणि सेल्फ फिरताना दीडशे-दोनशे अँपिअरसुद्धा. बोटाला न जाणवणारी ही बॅटरी पान्याचा लोखंडी दांडा लालभडक करू शकते. नव्या शिकाऊंसाठी काकांचा पहिला नियम होता की हातातली अंगठी आणि घड्याळ काढून खिशात. दुसरा नियम, काम करताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडायची आणि जोडताना सगळ्यात शेवटी जोडायची. पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तरी ठिणगी पडत नाही, कारण निगेटिव्ह सुटलेली असते.

फ्यूजबद्दलही बहुतेकांची समजूत उलटी असते. फ्यूज बल्बला किंवा हॉर्नला वाचवण्यासाठी असतो असं वाटतं. फ्यूज असतो तो तारेसाठी. एक चौरस मिलिमीटरची तार कुठंतरी घासून बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यातून जेवढा देता येईल तेवढा करंट ओतते. तार तापते, वरचं प्लॅस्टिक वितळतं, शेजारची तारही उघडी पडते आणि मग पेट. म्हणून फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवरून ठरतो आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणीच वाली नसतो. आतेभावानं पोत्यातल्या जुन्या तारा दाखवल्या तेव्हा मला हे डोळ्यांनी पाहायला मिळालं. आधीच्या कुठल्यातरी मालकानं फॉग लाइट थेट बॅटरीवरून घेतले होते, मध्ये फ्यूज नाही. जोडाला पीळ देऊन वर काळी टेप. जबलपूरच्या उन्हाळ्यात टेपचा चिकट थर पातळ होऊन वाहिलेला आणि पीळ उघडा. ती गाडी पेटली नाही, याला निव्वळ नशीब म्हणायचं.

त्याच पोत्यात आणखी एक गोंधळ निघाला. जगभरच्या लष्करी गाड्यांत २४ व्होल्टची पद्धत मोठ्या प्रमाणावर आहे. त्यामुळे लष्करातून आलेली कुठलीही गाडी घेतली की पहिल्यांदा सेल्फ, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि बल्ब यांच्यावरचे आकडे वाचायचे, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही. या गाडीत सेल्फ आणि अल्टरनेटर १२ व्होल्टचे होते, दोन-तीन बल्ब मात्र २४ चे. ते लागायचे, पण मिणमिणते. आधीच्या लोकांनी त्याचा दोष बॅटरीला दिला असणार, कारण गाडीत नव्या बॅटरीची पावती सापडली.

करंट बॅटरीकडे परत कसा येतो, याचं उत्तर गाडीत फसवं असतं. घरात फेज आणि न्यूट्रल अशा दोन तारा दिसतात. गाडीत परतीची तार बहुतेक ठिकाणी नसतेच, गाडीचा लोखंडी सांगाडाच ती तार असतो. बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला आणि इंजिनला जोडलेलं, बल्बचा एक पाय बॉडीला. यालाच अर्थ म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, गाडी चार रबरी टायरांवर उभी आहे. शिकणारा सगळं लक्ष जाणाऱ्या तारेवर ठेवतो आणि परतीचा रस्ता गंजलेल्या एका बोल्टवर सोडून देतो. जुन्या गाड्यांत ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर दिला की मागचा दिवा त्याच तालात लुकलुकतो. बघणारा म्हणतो शॉर्ट आहे. खरं तर मागच्या दिव्याचा अर्थ तुटलेला असतो आणि करंट शेजारच्या बल्बमधून उलटा शिरून घरी जायची वाट शोधत असतो.

मी गेले तेव्हा नेमका असाच पेच आला होता. नवी केबल, नवी बॅटरी आणि दुरुस्त केलेला सेल्फ असूनही इंजिन जड फिरत होतं. आतेभाऊ सेल्फ पुन्हा खोलायला निघाला. काकांनी त्याच्या हातात मल्टिमीटर दिला. लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, आणि मला सांगितलं, "ताई, चावी फिरवा." दोन्ही टोकं निगेटिव्हच, मग मीटर शून्य दाखवायला हवा. सेल्फ फिरताना मीटरवर एक व्होल्टच्या वर आकडा आला. याचा अर्थ इंजिन आणि बॅटरी यांच्यामध्ये कुठंतरी करंट अडत होता. इंजिनला चेसिसशी जोडणारी वेणीसारखी तांब्याची पट्टी चकचकीत नवी होती. तिचा बोल्ट सोडला तेव्हा खाली दिसला नवाकोरा काळा रंग. चेसिस रंगवताना अर्थची जागाही रंगली होती. रंग वीज वाहू देत नाही, बोल्टच्या आट्यांमधून जेवढा जाईल तेवढाच करंट जात होता. आतेभावानं रुपयाएवढी जागा घासून उघडं पोलाद काढलं, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा हात फिरवला. पुन्हा चावी. मीटरवर ०.१ च्या आसपास आणि इंजिन एका झटक्यात फिरलं.

असा अर्थ पूर्ण तुटला तर काय होतं, तेही काकांनी सांगितलं. सेल्फचा दीडशे अँपिअर करंट मिळेल त्या लोखंडातून परत जातो. कधी ती ॲक्सिलरेटरची केबल असते, कधी चोकची. ती बिचारी तेवढ्यासाठी बनलेली नसते. केबलमधून धूर निघतो आणि मेकॅनिक कार्बुरेटर बघत बसतो.

आता हेडलाइट. हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण तिथं वहीतली आकडेमोड थेट रस्त्यावर पडते. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या बटणातून जातो. बॅटरीपासून बटणापर्यंत, तिथून डिपरपर्यंत, तिथून पुढं बल्बपर्यंत पाचएक मीटर तार. ती एक चौरस मिलिमीटरची असेल तर तांब्याच्या रोधाच्या हिशेबानं १० अँपिअरला जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. जुन्या बटणाचे आणि जोडांचे अर्धा व्होल्ट वेगळे. अल्टरनेटर साडेतेरा व्होल्ट देत असताना बल्बपाशी बाराच्या आसपास पोचतात. दहा टक्के कमी, त्यात काय मोठंसं? पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात घटत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगानं घटतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झालं की उजेड सुमारे तीस टक्के जातो. मग लोक १०० वॉटचे बल्ब घालतात, करंट आणखी वाढतो, बटण वितळतं.

याला उत्तर रिले. छोटासा काळा डबा, चार किंवा पाच पाय. ८५ आणि ८६ या पायांमध्ये तारेचं वेटोळं असतं. त्याला जेमतेम ०.१५ अँपिअर करंट मिळाला की त्याचा लोहचुंबक होतो, आत टक आवाज करून पट्टी खेचली जाते आणि ३० व ८७ हे जाड पाय जोडले जातात. डॅशबोर्डवरच्या बटणानं फक्त तो ०.१५ अँपिअर सांभाळायचा, खरा भार बॅटरीजवळून निघून रिलेमधून थेट हेडलाइटला. अडीच चौरस मिलिमीटरची तार, अंतर दोनेक मीटर, घट ०.१५ व्होल्टच्या आत. आतेभावानं हे आधी लाकडी फळीवर बनवलं. एक बॅटरी, एक बटण, एक रिले, एक बल्ब. पायांवरचे आकडे त्यानं घोकले नाहीत, त्यांचा अर्थ समजून घेतला. ३० म्हणजे बॅटरीवरून थेट, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ. ही जर्मन मानकाची क्रमांकपद्धत आज जगभरच्या गाड्यांत भेटते. ब्रिटिश वळणाच्या जुन्या गाड्यांत रंगांची भाषा होती. तपकिरी म्हणजे सतत जिवंत, पांढरी चावीनंतर, काळी अर्थ, निळी हेडलाइट. आतेभावानं दोन्हींचा मेळ घातला, तारेचा रंग ब्रिटिश आणि टोकाला चिकटवलेला आकडा जर्मन.

फळीवरून गाडीत जाताना काकांनी आणखी एक गोष्ट करायला लावली. प्लायवूडचा मोठा तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर गाडीचा आकार खडूनं काढला, वळणांवर खिळे ठोकले आणि तारा त्या खिळ्यांमधून ओढून जुडी बांधली. वायरिंग हार्नेस जगभर असाच तयार होतो, फळीवर आणि बराचसा हातानं. गाडीच्या कारखान्यात वेल्डिंगला रोबो आले, रंगाला रोबो आले, पण लवचिक तारा योग्य खोबणीत बसवायला अजून माणसाची बोटं लागतात, आणि अनेक देशांत त्या कामावर मुख्यतः बायका असतात. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनमधले हार्नेसचे कारखाने युद्धामुळे थांबले तेव्हा जर्मनीत फोक्सवॅगन आणि बीएमडब्ल्यूला काही ठिकाणी उत्पादन बंद ठेवावं लागलं. इंजिनं होती, पत्रे होते, तारांच्या जुड्या नव्हत्या. या कामाची किंमत आपण किती कमी धरतो, ते त्या महिन्यात कळलं.

जुडी बांधताना जोडांचा प्रश्न येतो. आतेभाऊ सोल्डरिंग शिकून बसला होता, काकांनी गाडीत ते नको म्हटलं. सोल्डर वितळून तारेच्या बारीक केसांमध्ये वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि ताठ व मऊ यांच्या सीमेवर गाडीच्या थरथरीनं तार तुटते. त्यापेक्षा योग्य मापाचं थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर चेपून बसवायचा धातूचा तुकडा, योग्य पक्कड आणि वर गरम केल्यावर आवळणारी स्लीव्ह. पक्कड महाग असते. पण साध्या पकडीनं चेपलेलं थिंबल हातानं ओढलं की निसटतं, आणि काकांची परीक्षा तीच होती. प्रत्येक थिंबल ओढून बघायचं.

शेजारच्या दुकानात दिवसभर दगड कापण्याचा आवाज चालू असतो, पांढरी धूळ शेडमध्येही येते. संगमरवर वीज वाहू देत नाही. म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वीजघरांत स्विचबोर्डासाठी संगमरवराच्या किंवा पाटीच्या दगडाच्या लाद्या वापरत आणि त्यांवर तांब्याच्या पट्ट्या व खटके बसवत. भेडाघाटच्या दगडाकडे मी आजवर या नजरेनं पाहिलं नव्हतं.

गाडीत सेल्फ आला तो मुळात एका माणसाच्या हिकमतीमुळे. चार्ल्स केटरिंग अमेरिकेत दुकानांच्या गल्ल्याच्या यंत्रांवर काम करत होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटार अगदी क्षणभर लागते, म्हणून छोट्या मोटारीवर क्षणभर तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकला तरी चालतो, हे त्यानं तिथं ओळखलं होतं. मोटारगाडीला हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं की माणसाचं मनगट मोडायचं. बाकीचे म्हणत होते की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोठी मोटार लागेल. केटरिंगनं गल्ल्याची युक्ती इथं आणली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत विजेचा सेल्फ आला. आजही सेल्फ सलग फार वेळ फिरवू नये, मध्ये थांबावं असं सांगतात ते याच कारणानं.

आपल्याकडेही शाळेबाहेर शिकून गाडी बांधणारी माणसं झाली. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी १९४९ मध्ये पहिली छोटी गाडी बनवली आणि पुढं पंचवीस वर्षं तिची नवनवी रूपं काढत राहिले. ती मीरा. १२,००० रुपयांत ती विकायचा त्यांचा मानस होता, कारखाना मात्र उभा राहिला नाही. अलीकडचे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. यशवंतराव चव्हाणांचा जन्म ज्या गावचा, तेच हे देवराष्ट्रे. लोहारांनी भंगारातून चारचाकी बनवली, २०२१ च्या डिसेंबरमध्ये आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली आणि पुढच्या महिन्यात तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. त्या गाडीची चित्रफीत पाहताना माझी नजर किकवर गेली. लोहार गाडी दुचाकीसारखी किक मारून सुरू करतात. सेल्फ नसला की जाड केबल, सॉलिनॉइड, मोठी बॅटरी, या सगळ्यातून गाडी सुटते. पैसा आणि साधनं तुटपुंजी असताना विजेचं सगळ्यात अवघड काम बाजूला ठेवून गाडी चालती करणं, ही मला त्यांच्या कारागिरीतली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते.

महिंद्रांनी तेव्हा एक गोष्ट स्पष्ट म्हटली होती. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. आतेभावानं म्हणून पेट्रोल इंजिनच ठेवलं. जोंगा घेणारे बरेच जण खर्चाला कंटाळून डिझेल इंजिन बसवतात. त्याची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी लागते, आणि वायरिंगही नवं लागतं. कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर जातात, ग्लो प्लग आणि इंजिन बंद करणारा सॉलिनॉइड येतात. जुन्या गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, त्या वेळी तपासणीत हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर, हॉर्न सगळं चालू लागतं. परीक्षा कागदावर नसते, गाडीवर असते.

शिकाऊंना हमखास अडवणारी आणखी एक जागा म्हणजे अल्टरनेटर. डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा असतो, चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो. सगळ्यांना तो निव्वळ सूचनेचा दिवा वाटतो. अनेक अल्टरनेटरांत या बल्बमधून जाणारा थोडासा करंटच आतल्या वेटोळ्याला पहिली चेतना देतो. आतेभावानं जुना बल्ब काढून तिथं एलईडी लावला होता. एलईडी फारच कमी करंट जाऊ देतो, त्यामुळे अल्टरनेटर जागाच होईना. इंजिन चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, चार्जिंग होत असतं तर १३.८ ते १४.४ दिसायला हवे. दोन वॉटचा साधा बल्ब परत बसवला आणि मीटर १४.१ वर गेला. अल्टरनेटर निकामी समजून बदलणारे लोक असतील, त्यांच्यासाठी हा परिच्छेद मुद्दाम लिहिला.

हे सगळं शिकता येतं ते गाडी जुनी आहे म्हणून. इथं एका तारेला एकच काम आहे, टेस्ट लॅम्प घेऊन तिचा माग काढता येतो. बॉशनं १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत मांडली, त्यानंतर हळूहळू गाडीतले छोटे संगणक दोन तारांवरून एकमेकांशी बोलू लागले. बऱ्याच नव्या गाड्यांत हेडलाइटचं बटण हेडलाइटला जोडलेलंच नसतं, ते संगणकाला फक्त एक निरोप पाठवतं. तिथं टेस्ट लॅम्प लावून काही कळत नाही, उलट नुकसान होऊ शकतं. नव्या गाडीत कुठलीही तार सोलून बाहेरून हॉर्न किंवा दिवे जोडणं म्हणूनच धोक्याचं आहे. ज्याला मुळापासून शिकायचं आहे त्याच्यासाठी जोंगा, जुनी जीप, जुनी फियाट याच शाळा उरल्या आहेत. नाहीतर मध्य प्रदेशातच पीथमपूरला २००७ पासून भरणारी बाहा स्पर्धा आहे. इंजिनीअरिंगची मुलं तिथं स्वतः बांधलेली उघडी गाडी पळवतात. गाडीचं वायरिंग अगदी थोडं, पण चालकाच्या हाताशी एक आणि बाहेर उभ्या माणसाच्या हाताशी एक असे इंजिन बंद करणारे दोन खटके असल्याशिवाय गाडी मैदानात उतरू देत नाहीत. ती मुलं वायरिंग शिकतात ते थांबवायच्या तारेपासून.

जोंगातही आतेभावानं बॅटरीजवळ असा एक मोठा खटका बसवला आहे. लष्करी गाडीची एक खूण त्यानं मुद्दाम राखली. मागच्या डिफरन्शियलला पांढरा रंग आणि त्यावर प्रकाश टाकणारा एक छोटा दिवा. रात्री ताफा चालताना बाकीचे दिवे विझवायचे आणि मागच्या चालकानं फक्त तो पांढरा गोळा बघत अंतर राखायचं, अशी त्याची योजना. त्यासाठी वेगळी तार, वेगळा फ्यूज, वेगळं बटण. आज त्याचा उपयोग काही नाही, पण हा परिपथ वहीत वेगळ्या पानावर आहे.

वहीच्या आता तीन प्रती झाल्या आहेत. एक गाडीच्या खणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत. एक घरी. तिसरी काकांकडे तपासायला दिली होती. त्यांनी तांबड्या पेननं बऱ्याच खुणा केल्या आहेत. हॉर्नची तार एक चौरस मिलिमीटरची घेतली आहे आणि फ्यूज २० चा लिहिला आहे. एकतर फ्यूज १० चा कर आणि हॉर्नला रिले दे, नाहीतर तार बदल, असं समासात लिहिलंय. आतेभाऊ रिले देणार आहे. डाव्या मडगार्डच्या आत एक जागा शिल्लक आहे.